जर्मनीला चाललेल्या लेकीचं बँक खातं: टाकी भरली, नळ कुठाय?

अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखानदारांनी विचारलंय: "मुलगी ऑक्टोबरच्या सत्राला जर्मनीत एमएस करायला चालली आहे. श्पेरकोंटोत पैसे भरा म्हणून सांगितलंय. म्हणजे तिचं तिकडचं खातं झालंच ना, का अजून एक उघडायचं? ते इथूनच उघडून जाता येतं का? सोबत रोख किती द्यायची? आणि तिचं सोलापुरातलं बचत खातं बंद करायचं का?"

नाही, खातं झालं नाही. हा गैरसमज मी इतक्या घरांत बघितलाय की आता श्पेरकोंटो हा शब्द ऐकला की आधी तोच काढतो. एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या सोलापुरातल्या परकीय चलनाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. निर्यातदारांची बिलं सकाळी आणि परदेशी चाललेल्या पोरांचे आईबाप दुपारी, असा तो दिनक्रम. निवृत्तीनंतर बिलं सुटली, आईबाप काही सुटले नाहीत.

सोलापूरकराला हे समजावायला पाण्याचं उदाहरण बरं पडतं. श्पेरकोंटो हे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायचं कुलूपबंद खातं, म्हणजे गच्चीवरची टाकी. वर्षभराचं पाणी तुम्ही आधीच भरून ठेवायचं, म्हणजे व्हिसा देणाऱ्याला खात्री की पोरगी तहानेनं मरणार नाही. सध्या ही टाकी ११,९०४ युरोची आहे. १ सप्टेंबर २०२४ च्या आधी ११,२०८ ची होती, त्यामुळे जुन्या सीनियरनं सांगितलेला आकडा घेऊन बसू नका. या टाकीतून महिन्याला ९९२ युरोच खाली येतात, जास्त नाही. पण ते येणार कुठं? त्याला घरात नळ पाहिजे. तो नळ म्हणजे गिरोकोंटो, तिच्या नावाचं रोजच्या व्यवहाराचं चालू खातं. ते वेगळं उघडावं लागतं. नळ बसेपर्यंत टाकी भरलेली असूनही घरात थेंब नाही, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला वाटतं बँक पैसे बघते. विद्यार्थ्याच्या खात्यात तिकडच्या बँकेला तुमच्या बारा लाखांत फारसा रस नसतो. तिला दोनच गोष्टी पाहिजेत: ही बाई कोण, आणि ही राहते कुठं. पहिल्याला पासपोर्ट आणि व्हिसा पुरतो. सगळं अडतं ते दुसऱ्यावर. खातं उघडायला पत्ता लागतो, पत्त्याला भाड्याचं घर लागतं आणि घरमालक म्हणतो, भाडं जर्मन खात्यातून पाठवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशातली गत. हा गुंता जो सोडवतो त्याचं खातं पंधरा दिवसांत होतं. बाकीचे दोन-दोन महिने फॉरेक्स कार्डावर, म्हणजे इथूनच युरो भरून नेलेल्या कार्डावर, दिवस काढतात.

गुंता सुटतो तो घरमालकाच्या टोकाकडून. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा, असा कायदाच आहे. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. नोंदणी झाली की हातात एक साधा कागद मिळतो. दिसायला आपल्या रहिवासी दाखल्यासारखाच, पण त्या एका कागदावर बँक, विमा, कराचा नंबर, व्हिसाची मुदतवाढ, सगळं लटकलेलं असतं. आणि तो मिळायला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं: "ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या या पत्त्यावर राहते." नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. लेकीला ते आतापासून पाठ करायला लावा, तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यात दहा वेळा उच्चारावं लागेल.

म्हणून इथून खोली ठरवताना भाडं किती, विद्यापीठ किती लांब, हे विचारायच्या आधी हे विचारा: "तुमच्या पत्त्यावर आनमेल्डुंग होईल का आणि ते पत्र तुम्ही द्याल का?" काही जण खोली स्वस्त देतात आणि नोंदणीला नाही म्हणतात, कारण ते स्वतःच पोटभाडेकरू असतात आणि मूळ मालकाला पत्ता नसतो. अशी खोली महिना शंभर युरोनं स्वस्त असली तरी घेऊ नका. विद्यार्थी वसतिगृह मिळालं तर हा प्रश्नच येत नाही, ते पत्र देतातच. मोठ्या शहरांत नोंदणीची अपॉइंटमेंट मिळायला आठवडे लागतात. शहर आणि पत्ता नक्की झाला की ती सोलापुरात बसूनच ऑनलाइन घेऊन टाकायची, विमानाचं तिकीट काढल्यासारखी.

आता एक बारीक गोष्ट, जी कुठल्याच माहितीपत्रकात ठळक लिहिलेली नसते. पत्रपेटीवरचं नाव. आपल्याकडे साखर पेठेत पाकिटावर नुसतं "अमक्यांची सून" लिहिलं तरी पोस्टमन दार ठोठावतो. जर्मनीत पोस्टमन पत्रपेटीवरचं नाव बघतो. नाव नाही, तर पत्र परत. आणि तिकडच्या बँका आजही कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात, वेगवेगळ्या दिवशी, टपालानंच पाठवतात. होटगी रोडच्या एका मुलाचं खातं आठवड्यात उघडलं, पण कार्ड दोनदा परत गेलं. बँकेला फोन, बँक म्हणते पाठवलंय. पोस्टात चौकशी, पोस्ट म्हणतं तिथं असं कुणी राहत नाही. त्यानं मला पेटीचा फोटो पाठवला तेव्हा उलगडा झाला: पेटीवर आधीच्या दोन भाडेकरूंची नावं, याचं नावच नाही. कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी, एवढ्यावर तीन आठवडे गेले. तेव्हा खोलीची किल्ली मिळाली की सामान उघडायच्या आधी पेटीवर आणि बेलवर नावाची पट्टी लावायची, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगमध्ये.

स्पेलिंगवरून आठवलं. आपल्या नावांचा तिकडे फार घोळ होतो. पासपोर्टवर "गिव्हन नेम" मध्ये मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही, आडनाव वेगळ्या ओळीत. मार्कलिस्टवर आडनाव आधी. आणि विद्यापीठाच्या पत्रात वडिलांचं नाव गायब. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तर एकाच आडनावाची दोन भावांची दोन स्पेलिंगं मी बघितली आहेत. बँकेचं संगणकीय डोकं यातलं काही समजून घेत नाही. प्रवेशपत्र, श्पेरकोंटो, विमा, खोलीचा करार, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, तितकंच नाव टाकायचं, वडिलांच्या नावासकट. प्रवेशपत्रात चूक असेल तर ती जायच्या आधी विद्यापीठाला मेल करून दुरुस्त करून घ्या. हे काम इथून एका मेलचं आहे, तिथं काउंटरवर उभं राहून नाही.

सहीचंही तेच. पासपोर्टवर मराठीत सही असेल तर बँकेतही मराठीतच करायची. पोरं तिकडे गेली की लाजून इंग्रजीत करायला लागतात आणि मग दोन सह्या जुळत नाहीत. मराठी सहीला बँक सहसा नाही म्हणत नाही. बदललेल्या सहीला म्हणते.

बँक कुठली, यावर माझं मत सांगतो. श्पारकासे आणि फोल्क्सबांक या गावोगावी शाखा असलेल्या बँका. तिथं माणूस समोर बसतो, कागद बघतो, प्रश्न विचारतो. दुसरा प्रकार मोबाइलवरच्या बँकांचा, शाखा नाही, सगळं ॲपवर. या लवकर उघडतात, पण ओळख पटवायला व्हिडिओ कॉल असतो आणि काही ठिकाणी भारतीय पासपोर्ट त्या व्हिडिओला चालत नाही. मग पोस्टइडेंट नावाची सोय असते: पासपोर्ट घेऊन टपाल कचेरीत जायचं, तिथला कारकून तपासून बँकेला कळवतो. माझा सल्ला, आधी विद्यापीठाजवळची शाखा असलेली बँक बघा. विद्यार्थ्यांना महिन्याची फी बहुतेक ठिकाणी माफ असते, फक्त वयाची अट वाचून घ्या. पहिल्या वर्षी काहीतरी अडणारच, आणि अडलं की चॅटवरच्या यंत्रापेक्षा काउंटरवरची बाई बरी.

शाखेत जाताना पासपोर्ट, व्हिसा, आनमेल्डुंगचा कागद, विद्यापीठात नाव नोंदल्याचा दाखला, एवढं बरोबर. अर्जात एक प्रश्न असतो जो पोरांना गोंधळात टाकतो: तुम्ही कुठल्या देशात कर भरता आणि तिथला कराचा नंबर काय? भारताचा कर क्रमांक म्हणजे आपलं पॅन. त्याची प्रत जवळ असू द्या. जर्मनीचा कराचा नंबर आनमेल्डुंगनंतर काही आठवड्यांनी टपालानं येतो (पुन्हा तीच पत्रपेटी!), तो नंतर कळवला तरी चालतो. अमेरिकेचे करदाते आहात का, याला "नाही". ओव्हरड्राफ्टची सोय देऊ का म्हणून विचारलं तर तिलाही "नको", त्याचं व्याज सावकारी असतं.

आणि एखाद्या शाखेनं तोंड वाकडं करून "आम्ही नवीन परदेशी विद्यार्थी घेत नाही" म्हटलं तर घाबरायचं नाही. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही साधं खातं मिळण्याचा हक्क आहे, जर्मनीत जून २०१६ पासून. त्याला बाझिसकोंटो म्हणतात. हा शब्द नुसता उच्चारला तरी बऱ्याचदा समोरच्याचा सूर बदलतो.

खातं उघडलं की आयबॅन मिळतो. आपला खाते क्रमांक आणि आयएफएससी एकत्र विणल्यासारखा २२ अक्षरांचा नंबर. तो श्पेरकोंटोवाल्यांना कळवायचा, म्हणजे टाकीचा नळ सुरू. भाडं, विमा, मोबाइल हे तिकडे लास्टश्रिफ्टनं जातं, म्हणजे समोरचा स्वतःच तुमच्या खात्यातून ओढून घेतो. आपल्या माणसाला ते ऐकून धडकी भरते. पण चुकीचं ओढलं तर आठ आठवड्यांच्या आत कारण न देता परत मागता येतं. उलट खात्यात शिल्लक नसताना ओढणी परत गेली तर दंड पडतो, तेव्हा एक तारखेच्या आसपास शिल्लक ठेवायची. आणि बेकरी, छोटी दुकानं इथं अजूनही रोख किंवा तिथलं स्थानिक कार्डच चालतं, आपलं फॉरेक्स कार्ड बघून मान हलवतात.

आता इथून पैसे पाठवण्याचं. तुम्ही निर्यात करता, तेव्हा टीटी म्हणजे बँकेतून थेट परदेशी खात्यात पैसे पाठवणं, हे तुम्हाला शिकवायला नको. फक्त या वेळी पैसे येत नाहीत, जातात. ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेतला अर्ज), पॅन, प्रवेशपत्र, श्पेरकोंटोवाल्यांनी दिलेला खाते क्रमांक आणि संदर्भ क्रमांक. उद्देशाच्या रकान्यात शिक्षणासाठीचा कोड, एस ०३०५. संदर्भ क्रमांक स्विफ्टच्या, म्हणजे आपली बँक तिकडच्या बँकेला पाठवते त्या संदेशाच्या, मजकुरात अक्षर न अक्षर गेला पाहिजे, कारण श्पेरकोंटोवाल्यांकडे एका दिवशी शेकडो भारतीय बापांचे पैसे येतात आणि तुमचे कुठल्या लेकीचे हे त्यांना त्यावरूनच कळतं.

दुसरं, चार्जेस कुणाचे हा रकाना. इथं पाठवणाऱ्याचे सगळे चार्जेस, म्हणजे "आवर", असं सांगायचं. एका मुलाच्या बाबतीत तो रकाना नेहमीच्या सवयीनं "शेअर्ड" भरला गेला. मधल्या बँकेनं १८ युरो कापले आणि तिकडे ११,९०४ ऐवजी ११,८८६ जमा झाले. १८ युरो कमी म्हणून पूर्ण भरल्याचं प्रमाणपत्र निघेना, आणि व्हिसाची अपॉइंटमेंट सहा दिवसांवर. ते १८ युरो पाठवायला पुन्हा ए-टू, पुन्हा स्विफ्टचे चार्जेस. मी तर म्हणतो "आवर" लिहूनही वर पन्नासेक युरो जास्त पाठवा. ते कुठं जात नाहीत, तिच्याच खात्यात राहतात. पाठवल्यावर स्विफ्टची प्रत मागून घ्या. पैसे कुठं अडकले तर शोध त्या कागदावरूनच लागतो.

दराची घासाघीस करा. बँकेत दर ठरलेला असतो असं समजून माणसं मान खाली घालून सही करतात, आणि नव्या पेठेत पाचशेच्या साडीला अर्धा तास भांडतात. मोठ्या रकमेला टीटी सेलिंग दरात, म्हणजे बँक तुम्हाला युरो विकते त्या दरात, सवलत मागता येते. युरोमागं पन्नास पैसे सुटले तरी ११,९०४ युरोवर ५,९५२ रुपये होतात. सकाळी दोन शाखांचा दर विचारा, मग पाठवा.

मर्यादा आणि कर थोडक्यात. माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतं, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. पण एका पॅनवर वर्षात दहा लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून सात लाखांवरून दहा लाख झाली. युरो शंभर रुपयांचा धरला तरी श्पेरकोंटो एकटंच बारा लाखांच्या जवळ जातं. टीसीएस बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, पण पैसे अडकतात. वहिनींच्या स्वतःच्या खात्यात त्यांचे स्वतःचे पैसे असतील तर काही भाग त्यांच्या पॅनवरून पाठवा, त्यांची मर्यादा वेगळी मोजली जाते. आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जाणार असतील तर त्याच तारखेपासून त्यावर टीसीएस उठलेला आहे. कर्जाचं मंजुरीपत्र ए-टू बरोबर जोडा.

रोख किती? नियमानं एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच्या नोटा नेता येतात. पण तेवढ्या कशाला? तीन-चारशे युरोच्या नोटा, त्याही पाच, दहा, वीस, पन्नासच्या. दोनशेची नोट बस ड्रायव्हर घेत नाही. बाकी फॉरेक्स कार्डावर, आणि तिथं जरा सढळ हात ठेवा, कारण नळ बसायच्या आधीचे पाच-सहा आठवडे सगळा खर्च याच्यातून आहे. पहिलं भाडं, विमा, विद्यापीठाची सत्राची वर्गणी, थाळ्या-भांडी, गादी. आणि खोलीचं डिपॉझिट, जे कायद्यानं वीज-हीटिंग सोडून नुसत्या भाड्याच्या तीन महिन्यांइतकं असू शकतं. मात्र ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. घरमालक हे आपणहून सांगत नाही. हे सगळं धरून दोन ते अडीच हजार युरो कार्डावर असावेत असं मी सांगतो. वसतिगृह असेल तर दीड हजारात भागतं. एटीएमनं "रुपयांत करू का?" विचारलं तर नाही म्हणायचं, युरोच निवडायचं, रुपयांतल्या सोयीचा दर भलताच असतो.

आता तिचं सोलापुरातलं खातं. बंद करू नका, पण आहे तसंही ठेवू नका. शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलनाच्या कायद्यात अनिवासी धरला जातो. रिझर्व्ह बँकेनं हे डिसेंबर २००३ मध्येच स्पष्ट केलंय. मग साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथलं रुपयांतलं खातं, करून घ्यायचं. फॉर्म, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकडचा पत्ता लागतो. पुष्कळ घरांत हे कुणी करत नाही आणि चार-पाच वर्षांनी नोकरी लागल्यावर केवायसीत खातं गोठतं, तेव्हा धावाधाव. एनआरओमध्ये तुमचं नाव दुसरं ठेवता येतं, "पहिला किंवा हयात" या पद्धतीनं, म्हणजे चालवणार तीच. तुम्हाला चालवायचं असेल तर मँडेट, म्हणजे तिच्याकडून तसं अधिकारपत्र, लिहून घ्या.

सिमचा विषय यापेक्षा जास्त डोकेदुखीचा. ओटीपी सोलापूरच्या नंबरवर येतो म्हणून सिम घरी ठेवतात. मग तिकडे लेक जेवणाच्या सुट्टीत फॉर्म भरतेय, इकडे वडील मिलमध्ये, मोबाइल घरी, आणि उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. ओटीपी फोनवरून वाचून दाखवेपर्यंत वेळ संपलेली. शिवाय ओटीपी कुणाला सांगायचा नाही हा नियम घरच्यांनाही लागू आहे. सिम तिच्याकडेच असू द्या, जर्मन नंबर ई-सिमवर घेऊ द्या, आणि आपल्या नंबरचं रोमिंग इथूनच सुरू करून बघा, विमानतळावर नाही. रिचार्जची जबाबदारी मात्र घरच्यांनी घ्यावी. पोरं ती विसरतात.

तुमच्या भाच्याचं इंग्लंडचं चाललंय असं म्हणालात, म्हणून दोन ओळी. देश बदलला की नावं बदलतात, पत्त्याचं दुखणं तेच राहतं. ब्रिटनमध्ये विद्यापीठ स्वतःच बँकेच्या नावानं पत्र देतं, तोच पत्त्याचा पुरावा. पण पत्र ठरावीक बँकेच्या नावानं निघतं, म्हणून बँक आधी ठरवायची. पूर्वीचं प्लॅस्टिकचं राहण्याच्या परवान्याचं कार्ड गेलं, आता ई-व्हिसा, तेव्हा त्याचं ऑनलाइन खातं चालू आहे ना हे इथूनच तपासायचं. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी खातं उघडतं. पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठानं व्हिसासाठी दिलेला फॉर्म) आणि पत्ता घेऊन शाखेत जायचं, नंबर नाही म्हणून परत पाठवलं तर दुसरी बँक. तिकडे आयबॅन नसतो, नऊ आकडी राउटिंग नंबर असतो. कॅनडाची जीआयसी म्हणजे श्पेरकोंटोची चुलत बहीण, १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलरची. ऑस्ट्रेलिया सगळ्यांत सोपं: पोचल्यापासून सहा आठवड्यांच्या आत गेलं तर नुसत्या पासपोर्टवर काम होतं.

एका गोष्टीवर मात्र मी आवाज चढवून बोलतो, कारण ती चांगल्या घरची पोरं चांगल्या हेतूनं करतात. तिकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहितं: "मला घरी रुपये पाठवायचेत, कुणाला युरो पाहिजेत का?" मग तो तिच्या जर्मन खात्यात पाचशे युरो टाकणार आणि तुम्ही इथं त्याच्या वडिलांच्या खात्यात पन्नास हजार. चार्जेस वाचले, दर चांगला मिळाला, सगळे खूश. याला आपल्याकडे हवाला म्हणतात. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या कलम ३ मध्ये हे बसत नाही आणि तिकडे अनोळखी माणसाकडून आलेले पैसे चोरीचे निघाले तर गोठतं ते तिचं खातं. याचंच मोठं रूप म्हणजे "तुझ्या खात्यात तीन हजार येतील, पुढं पाठव, दीडशे तुझे." खातं भाड्यानं देणं हा गुन्हा आहे, दीडशेचा असो की दीड लाखाचा. ब्रिटनमध्ये असल्या प्रकरणात नावावर सहा वर्षं खूण राहते. नवं खातं नाही, मोबाइलचं कनेक्शनसुद्धा मुश्कील. जुळे सोलापुरातल्या एका मुलाचं खातं असंच परीक्षेच्या महिन्यात गोठलं. भाडं थकलं, मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपून पेपर दिले. ज्या "दादा"नं पैसे टाकले होते त्याचा फोन अर्थातच बंद.

पैशाच्या सुरक्षिततेचं विचारलं नव्हतं तरी सांगतो: जर्मनीत बँक बुडाली तर एका बँकेत माणशी एक लाख युरोपर्यंत हमी आहे. आपल्याकडे पाच लाख रुपये. तेव्हा त्या बाजूनं झोप मोडू नका.

राहता राहिला वहिनींचा प्रश्न, जो तुम्ही शेवटी कंसात लिहिलाय: "तिच्या खात्यात किती शिल्लक आहे ते आम्हाला इथून दिसेल का?" नाही दिसणार. ती अठराच्या वर आहे, खातं तिचं आहे, आणि तुम्ही फोन केलात तर बँक तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही, बाप आहात म्हणूनसुद्धा नाही. पासवर्ड मागून घेऊ नका. दोन देशांतून एकाच वेळी लॉगिन झालं तर बँकेला संशय येतो आणि खातं बंद पडतं, मग पुन्हा ते टपाल, ती पत्रपेटी. वहिनींना सांगा, शिल्लक विचारायची असेल तर लेकीलाच विचारा, आणि ती सांगेल तो आकडा खरा धरा.